सुनंदाबाईंचा तिसरा प्रकार

पारोळ्याच्या धान्यबाजारात अभिमन मापाड्यांच्या डोळ्याला लोक काटा म्हणत. पोत्याकडे नुसतं बघून ते वजन सांगायचे आणि खरा काटा सहसा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. अशा माणसाच्या पोटी सुनंदा जन्माला आली आणि तिला आकडे येईनात. लोहाराच्या पोरीला विस्तवाची ओळख नसावी, तशातली ही गत.

बाकी पोरगी वाचायला वाघीण होती. भज्यांचा पुडा घरी आला की भजी भावंडांची आणि कागद सुनंदाचा. तेलात भिजलेली बातमी वाचून ती अशी रंगवून सांगायची की शेजारच्या बायका पोळ्या तव्यावर टाकून ऐकायला यायच्या आणि घरोघरी पोळ्या करपायच्या. पण पाढे म्हणायला उभी केली की वाघिणीची शेळी व्हायची. एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी तर तिला उभ्या जन्मात पटली नाहीत. तीस यायच्या आधीच तिसाचं नाव घेऊन मोकळं व्हायचं, हा तिच्या मते शुद्ध चहाडखोरपणा होता.

अभिमन नानांनी तिला गहू मोजायला बसवलं, चिंचोके मोजायला बसवलं, एकदा संतापून अंगणातल्या कोंबड्या मोजायला लावल्या. कोंबड्या थोड्या होत्या, तरी उत्तरं पुष्कळ आली. शेवटी नाना म्हणाले की देवानं माझी मापं भरून टाकली आणि हिच्या वेळी पायली रिकामी निघाली.

मॅट्रिकचं गणित सुनंदानं पाठ केलं. अख्खी गणितं, उदाहरणासकट, उत्तरासकट, स्वल्पविरामासकट. प्रश्नातले आकडे बदलले नाहीत तर तिचं उत्तर कधीच चुकत नसे. त्या वर्षी पेपर काढणाऱ्याला आळस आला असावा, कारण पुस्तकातली बरीच उदाहरणं जशीच्या तशी आली आणि सुनंदा काठावर पास झाली. पुढे डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली आणि नरडाण्याजवळच्या एका गावात गिरधरची बायको होऊन त्याच गावच्या शाळेत रुजू झाली.

शाळा दोन शिक्षकी. दुसरे झुलाल गुरुजी. त्यांना पावकी, निमकी, दीडकी असली आजोबांच्या काळातली कोष्टकं तोंडपाठ आणि कवितेचं नाव काढलं की त्यांचं पित्त उसळायचं. सुनंदाबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, गुरुजी, तुमच्यासारखा गणिताचा माणूस कवितेत वाया घालवणं पाप आहे, सगळ्या वर्गांचं गणित तुम्हीच घ्या, मी आपली भाषा सांभाळते. गुरुजी खूष. बाईंच्या अंगातला मोठेपणा बघून त्यांना चहाही गोड लागला. त्यात साखर दुप्पट पडली होती, पण ते वेगळं.

बाकीच्या अडचणींवरही बाईंनी असेच शोध लावले होते. शाळेतल्या घड्याळाचे काटे त्यांना कळत नसत, म्हणून त्या पोरांना विचारत, "सांगा पाहू, किती वाजले?" पोरं समजायची की परीक्षा चालली आहे. किराणावाल्याला नोट देऊन त्या म्हणत की नीट मोजून दे हं, शाळेत असताना तुझा हिशोब कच्चा होता. किराणावाला घाम पुसत पुसत दोनदा मोजायचा. एकूण गावात बाईंच्या गणिताचा दरारा मोठा होता.

सासूबाई वच्छलाअक्कांना तर सुनेचा इतका अभिमान की विहिरीवर पाणी भरताना त्या समोरचीला आधी विचारायच्या, "तुझी सून काय करस?" आणि उत्तराची वाट न बघता आपल्या सुनेचं सांगायला लागायच्या.

या सुखाच्या संसारात भिकू आली.

भिकू म्हणजे रुपचंदची थोरली मुलगी. रुपचंद हा गिरधरचा चुलत भाऊ, वयानं मोठा, म्हणजे बाईंनी ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही असा. भिकू चौथीत होती आणि वाचायला उभी केली की घामाघूम व्हायची. 'कमळ' लिहिलेलं असलं की 'मकळ' म्हणायची. एका ओळीवरून सरळ तिसऱ्या ओळीत उडी मारायची. काल आलेला शब्द आज तिला परका असायचा. झुलाल गुरुजींकडे मात्र उलटी तऱ्हा. तोंडी हिशोब घातला की गुरुजींचा श्वास संपायच्या आत उत्तर हजर, आणि तोच हिशोब फळ्यावर शब्दांत लिहिला की भिकू फळ्याकडे अशी बघायची जणू तिथं कुणी शेणाचा हात पुसला आहे.

गुरुजींनी निदान केलं: सोंग. ज्याला हिशोब येतो त्याला वाचता येत नाही, हे कसं शक्य आहे? घरच्यांनी तिला दोंडाईचाला नेऊन चष्मा करून आणला. डोळे तपासणारा सांगत होता की नजर साफ आहे, पण आलोच आहोत तर घेऊन जाऊ म्हणून रुपचंदनं बिननंबराच्या काचांचा घेतला. चष्मा लावून भिकू 'मकळ' अधिक रुबाबात म्हणू लागली.

सुनंदाबाईंनीही तिला काही कमी छळलं नाही. मी शिकवते आणि पोर वाचत नाही, हा त्यांना आपल्या घराण्याचा अपमान वाटायचा. चौथीत भिकू नापास झाली आणि रुपचंदनं सांगून टाकलं की श्रावणातल्या कानबाईपर्यंत शाळेत बसू द्या, सण झाला की तिला दोंडाईचाला मामाकडे धाडतो, मिरच्यांचे देठ खुडायला. तिकडे वाचायला काही नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नाही.

त्याच उन्हाळ्यात, ब्याण्णव साली, धुळ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. शिबिर म्हणजे सकाळी भाषणं, दुपारी भाषणं आणि मध्ये शेवभाजी. शेवभाजीच्या आधीचं भाषण नेहमी पडायचं, कारण वास आधी पोचायचा. नेमकं ते भाषण पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला आलं. विषय होता अध्ययन अक्षमता. मागच्या रांगेतले गुरुजी विषय ऐकूनच झोपले.

डॉक्टरीणबाई मात्र सोपं बोलत होत्या. म्हणाल्या, काही मुलांची नजर चांगली असते, कान चांगले असतात, बुद्धी तर कधी कधी तुमच्याआमच्यापेक्षा जास्त असते, आणि तरीही एखादी गोष्ट त्यांना नेहमीच्या वाटेनं शिकता येत नाही. कुणाला वाचन जमत नाही, अक्षरं त्याच्यापुढे जागा बदलतात, आवाज आणि अक्षर यांची गाठ पडत नाही. कुणाला वाचता येतं, तोंडानं सगळं सांगता येतं, पण लिहायला बसलं की हात आणि डोकं एकमेकांचं ऐकत नाहीत. आणि तिसरा प्रकार आकड्यांचा. मोजताना दशक सुटतं, पाढे राहत नाहीत, घड्याळ कळत नाही, सुटे पैसे कळत नाहीत. कुणात एकच प्रकार असतो, कुणात दोन मिसळलेले. हा आळस नाही, सोंग नाही, आईबापांचं पाप नाही. छडीनं जात नाही, टॉनिकनं जात नाही. वाट बदलून शिकवलं तर मूल पुढे जातं, आपल्या चालीनं.

पहिला प्रकार ऐकताना सुनंदाबाईंना भिकू दिसली. दुसऱ्याला त्यांना वर्गातली मंजुळा दिसली, जी गोष्ट सांगायला लागली की कीर्तनकारानं टाळ खाली ठेवावेत, आणि जिची पाटी बघितली की कोंबडी चालून गेली असं वाटावं. तिसरा प्रकार ऐकताना मात्र त्यांना कोणी दिसेना. मग हळूहळू अंगणातल्या कोंबड्या दिसू लागल्या. पारोळ्याचं अंगण दिसलं, कपाळाला हात लावून बसलेले अभिमन नाना दिसले, आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"तो तिसरा प्रकार मी आहे," त्या म्हणाल्या.

सभागृह जागं झालं. मग हसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं लपवलंत कसं?"

"लपवलं नाही बाई, दरारा ठेवला," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी शेवभाजी खाल्ली नाही. डॉक्टरीणबाईंना खिडकीशी गाठून त्या प्रश्न विचारत राहिल्या. परत येताना एसटीत शेजारच्या बाईला त्यांनी तिन्ही प्रकार समजावून सांगितले. नरडाणा येईपर्यंत अर्धी एसटी ऐकत होती, आणि दोंडाईचाला निघालेला एक कापडवाला आपल्या धाकट्या मुलाची लक्षणं सांगत त्यांच्याबरोबर नरडाण्याला उतरायच्या बेतात होता. चाळिशीला टेकलेल्या बाईला आपण ढ नव्हतो हे कळणं, म्हणजे माहेरहून गाडीभर आहेर येण्यासारखंच की. त्या स्टँडवरून अशा चालत निघाल्या की ओळखीच्या टांगेवाल्यानं विचारलं, बढती झाली का?

पण गाव म्हणजे एसटी नव्हे. एसटी दोंडाईचाला निघून जाते, गाव तिथंच असतं. मास्तरणीला मोजता येत नाही हे एकदा कळलं की किराणावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या जिभेला धार आली असती. सासूबाईंना विहिरीवर तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून आपला प्रकार बाईंनी पोटात ठेवला आणि भिकूचा हातात घेतला.

जूनपासून शाळा सुटल्यावर भिकू बाईंच्या ओट्यावर बसू लागली. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं. 'क' काढता काढता मोठ्यानं म्हणायचा. भाकरीच्या पिठाचा 'म' करायचा, डोळे मिटून चाचपायचा. पुस्तकावर पुठ्ठा ठेवायचा, त्याला खिडकी कापलेली, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसेल आणि बाकीच्यांना मधे घुसता येणार नाही. वच्छलाअक्का बघत राहायच्या आणि म्हणायच्या की आमच्या वेळी पिठाची भाकरी व्हायची, आता शाळा व्हायला लागली. श्रावण लागेस्तोवर भिकू पुठ्ठ्याच्या खिडकीतून सावकाश, अडखळत, पण खरं वाचू लागली होती. बाईंनी रुपचंदला सांगून पाहिलं. तो म्हणाला, दोन महिन्यांत एक पान, या हिशोबानं पुस्तक संपेपर्यंत पोरीचं लग्न होईल.

कानबाई आली.

खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी तिची बोळवण होते, आणि एका कुळाची सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. त्या आधी रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजतात. माणशी सव्वा मूठ: एक मूठ, वर चिमूटभर. या भाऊबंदकीची रीत अशी की मोजताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, नजर लागते. घरातला वडील माणूस एकूण माणसांचा आकडा सांगणार आणि मोजणारी तेवढ्या मुठी मनातल्या मनात मोजून परातीत टाकणार. लिहायचं नाही. एक जरी मूठ कमी पडली तरी कुणीतरी देवीच्या रोटातून राहिलं, आणि ते माणूस मग वर्षभर शिंक आली तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करणार.

वर्षानुवर्षं मोजण्याचा मान वच्छलाअक्कांचा. या वर्षी त्यांचा मोतीबिंदू पिकला होता. शनिवारी दुपारी सगळे जमले, भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील भाईदास आबा खाटेवर बसले, आणि अक्कांनी कोणी विचारायच्या आत जाहीर केलं, "मनी सून मास्तरीन शे. ती मोजी." अभिमान एवढा की परात त्यांनी स्वतःच सुनेपुढे सरकवली.

सुनंदाबाईंनी पदर सावरला. नाही म्हणायला तोंड उघडलं तर कारण सांगावं लागणार. आबांनी आकडा सांगितला: पासष्ट. बायकांनी कानबाईची गाणी धरली. बाईंनी मूठ भरली.

विशीपर्यंत ठीक चाललं. तिशीत घाम फुटला. गाण्याचा सूर चढला, कुणीतरी मधेच हसलं, आणि एकोणचाळीसनंतर बाईंच्या मनात जे आलं ते पन्नास होतं. त्यांना स्वतःला काहीच वावगं वाटलं नाही. मोजणं संपलं, त्यांनी हात झटकले आणि इतक्या लवकर सुटलो म्हणून त्यांना हायसं वाटलं.

उंबऱ्याशी पोरींच्या घोळक्यात भिकू बसली होती. ती हळूच म्हणाली, "काकी, दहा मानसे राही गयात."

गाणं थांबलं. दहा माणसं म्हणजे एक आख्खं घर. जो तो आपल्या घरातली माणसं बोटांवर मोजू लागला. रुपचंदच्या घरी बरोबर दहा होती. त्याचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा लपवायला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, तो पोरीवर खेकसला.

"गप बस वं. सोताले वाचता येस नही नि मास्तरनीले शिकाडस. सण झाया का पाठाडस तुले मामाकडे."

सगळ्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. चौथी नापास पोरीचा शब्द मास्तरणीच्या शब्दापुढे कोण धरणार होतं? अक्का तर तोंड उघडून बसल्याच होत्या, सुनेची बाजू मांडायला. भिकूनं मान खाली घातली. ती मान खाली घालण्याची तऱ्हा सुनंदाबाईंना फार जुन्या ओळखीची होती.

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कारण समोर जेठ रुपचंद आणि आबा, आणि त्या पदराआडून त्यांचा आवाज वर्गात निघतो तसा खणखणीत निघाला.

"भाऊ, पोर खरं बोली ऱ्हायनी. मोजता येस नही ते माले."

"कोनले?" आबांनी विचारलं. त्यांना वाटलं, आपलेच कान गेले.

"माले, आबा. लहानपनपासून."

वच्छलाअक्कांनी भिंत धरली. गिरधर बाहेर बैल बघायला निघून गेला, बैल शेतात होते तरी. आणि सुनंदाबाईंना एकदा बोलायची संधी मिळाली की काय होतं हे झुलाल गुरुजींना विचारा. कानबाईसाठी मांडून ठेवलेल्या चौरंगापुढे, गव्हाची परात शेजारी ठेवून, त्यांनी आख्ख्या भाऊबंदकीला तिन्ही प्रकार समजावून सांगितले. म्हणाल्या, मला आकडा दिसतो पण डोक्यात थांबत नाही. भिकूला अक्षर दिसतं पण जागेवर थांबत नाही. मंजुळाच्या डोक्यात सगळं थांबतं, पण हातातून उतरत नाही. तिघी शहाण्या आहोत. तिघींची वाट वेगळी आहे. मी ढ असते तर तुमची अर्धी पोरं आज पेपर वाचती का? आणि भिकू ढ असती तर एवढ्या गाण्यात, कुणी सांगितलेलं नसताना, माझ्या मुठी मनात मोजत बसली असती का?

रुपचंद चिवट होता. "मंग सरकार तुमले पगार कसाना देस?"

"वाचानं शिकाडाना," बाई म्हणाल्या. "मोजाना झुलाल गुरुजीस्ले देस."

पहिल्यांदा आबा हसले, मग बायका. हसू ओसरल्यावर आबांनी भिकूला जवळ बोलावलं आणि परात तिच्यापुढे ठेवायला सांगितली. पोरीनं हात धुतले, गहू पुन्हा पोत्यात ओतले आणि पहिल्यापासून मोजले. आबांना स्वतःला मोजायचं होतं, म्हणून त्यांनी खाटेच्या सुंभावर बोट फिरवत मनाशी हिशोब धरला होता. भिकू थांबली त्याच मुठीला आबांचं बोटही थांबलं. अक्का भिंत सोडून सरळ बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या की पीठ आमच्याच ओट्यावर लागलं हिला.

आबांनी रुपचंदकडे पाहिलं. "जिले देवीना गहू मोजता येतस, ती ढ कशी व्हयी? पोर शाळामा जाई."

आबांचा शब्द कानबाईच्या चौरंगापुढे पडलेला. तो मोडायचा म्हणजे देवीच्या रोटाला उष्टा हात लावण्यासारखं.

सुनंदाबाईंना वाटलं होतं की आता गावात आपली फजिती होणार. झाली. किराणावाल्यानं दोन दिवस हसून घेतलं आणि तिसऱ्या दिवसापासून बाईंना सुटे पैसे स्वतः हातावर मांडून दाखवू लागला, प्रेमानं. झुलाल गुरुजींनी मात्र चार दिवस बाईंचा चहा घेतला नाही. त्यांना फसवलं गेल्याचं दुःख नव्हतं, आपण भिकूला सोंगाडी म्हणालो याचं होतं. पाचव्या दिवसापासून ते तिला सगळे हिशोब तोंडीच घालू लागले आणि उत्तर ऐकून मिशीतल्या मिशीत पावकी म्हणू लागले.

खरी पंचाईत पुढेच झाली. गावात प्रकारांची हौस पसरली. आया पोरांना बखोटीला धरून ओट्यावर आणू लागल्या, आमच्या पोरालाही प्रकार बघा म्हणून. एकीनं तर दोन प्रकार तरी असतीलच असा आग्रह धरला, जावेच्या मुलाला एक निघाला होता ना. सुनंदाबाई प्रत्येक पोराला वाचायला लावायच्या, लिहायला लावायच्या, बोलतं करायच्या, आणि बहुतेकांना परत पाठवायच्या: "याला काही प्रकार नाही, हा नुसता आळशी आहे." आया खट्टू होऊन जायच्या. ज्यांच्याबद्दल बाईंना खरंच शंका यायची, त्यांना घेऊन त्या धुळ्याच्या दवाखान्यात खेटे घालायच्या आणि तिथल्या डॉक्टरांना बसवून तिन्ही प्रकार समजावायच्या. डॉक्टर ऐकून घ्यायचे. दुसरा इलाज नसायचा.

भिकूनं पुढच्या उन्हाळ्यात चौथी ओलांडली. मग सातवी. दहावीला तिला प्रश्न वाचून दाखवणारा मिळावा म्हणून सुनंदाबाईंनी इतके अर्ज केले आणि इतक्या खुर्च्यांपुढे भाषणं दिली की शेवटी परवानगी देणाऱ्या साहेबांनी सही करताना एवढंच विचारलं, बाई, आता येणार नाही ना? भिकू पास झाली. आजही ती बोट ठेवून वाचते, सावकाश, आणि कुणी घाई केली तर त्याच्याकडे अशी बघते की त्यालाच वाचता येईनासं व्हावं.

आणि रुपचंद? सणानंतरच्या मंगळवारी तो स्वतः पोरीला शाळेत सोडायला आला होता. दप्तर त्यानंच धरलं होतं. भिकू आत जाऊन बसली तरी तो दाराशी घुटमळत राहिला. बाईंनी विचारलं, भाऊ, काही राहिलं का?

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माले बी वाचता येस नही. मना कोनता प्रकार?"

सुनंदाबाईंनी पदर पुढे ओढला आणि हसू त्याच्या आड ठेवलं.

"भाऊ, तुम्ही शाळामा गयाच नहीत. तुमना प्रकार सर्वास्मा सोपा शे. या, मांगे जागा शे."

रुपचंदनं चपला दाराबाहेर काढल्या. चौथीच्या पोरांनी सरकून जागा केली, आणि भिकूनं आपल्या पुस्तकावरचा पुठ्ठा उचलून बापाच्या हातात दिला.